अक्कलदाढ राखण्याची अट

अक्कलदाढ काढावी की राहू द्यावी, हा प्रश्न दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात क्ष-किरण चित्र समोर ठेवून सोडवला जातो. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी मात्र तोच प्रश्न सोडवताना दाढ किती कलली आहे याच्याइतकाच रुग्ण पुन्हा केव्हा येऊ शकेल याचाही विचार करावा लागतो. अशा ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला हा दुसरा विचार आरंभी दुय्यम वाटतो आणि पुढे तो पहिल्याच्या बरोबरीला येऊन बसतो. भिवापूर, पलीकडचा भंडारा जिल्ह्यातील पवनीचा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडकडची गावे यांतून येणाऱ्या रुग्णांच्या दाढांविषयी जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांत हे दोन्ही विचार एकमेकांत असे गुंतलेले असतात की कोणत्या विचाराने कौल दिला हे नंतर सांगणे अवघड होते.

अक्कलदाढ म्हणजे जबड्याच्या प्रत्येक बाजूला सर्वांत शेवटी येणारी तिसरी दाढ. ती साधारणतः वयाच्या सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान हिरडीबाहेर येते, आणि तोवर जबड्यातील जागा इतर दातांनी व्यापलेली असल्यामुळे अनेकांत ती पूर्ण वर न येता हाडात किंवा हिरडीखाली अडकून राहते. अशा अडकलेल्या दाढेला दवाखान्यात सर्रास ‘इम्पॅक्टेड’ म्हटले जाते. ती पुढच्या दाढेकडे झुकली आहे, उभी आहे, आडवी पडली आहे की मागे कलली आहे, यावरून तिचे प्रकार पाडण्याची पद्धत जॉर्ज विंटर यांनी १९२६ मध्ये रूढ केली, तर ती किती खोल आहे आणि जबड्याच्या मागच्या उभ्या फांदीपुढे तिला किती जागा उरली आहे यावरून अवघडपणा मोजण्याची पद्धत पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये मांडली. जवळपास शंभर वर्षांनंतरही दोन्ही पद्धती वापरात आहेत, कारण शस्त्रक्रियेला किती वेळ लागेल आणि किती हाड कोरावे लागेल याचा अंदाज त्यांतून येतो. दाढ काढणे गरजेचे आहे की नाही, हे मात्र त्या सांगत नाहीत; आणि नवशिक्या दंतवैद्याकडून होणारी पहिली गल्लत हीच असते, की अवघड दिसणारी दाढ त्याला काढण्याजोगी वाटू लागते.

या बाबतीत जगातील सर्वांत स्पष्ट नियम इंग्लंडचा आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २००० मध्ये असे ठरवून दिले, की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेला कोणताही रोग नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. दुरुस्त न होणारी कीड, मुळाशी झालेला आणि उपचाराला दाद न देणारा संसर्ग, गळू, दाढेभोवतीच्या पिशवीत तयार झालेली गाठ, शेजारच्या दाढेचे झिजणे अशी कारणे असतील तरच ती काढावी. दाढेवरच्या हिरडीला सूज आली तर पहिल्या वेळी, ती सूज फार तीव्र नसल्यास, थांबावे आणि दुसऱ्यांदा आली तर काढण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेत मात्र विशीच्या आसपास चारही अक्कलदाढा काढून टाकण्याची प्रथा टिकून राहिली, आणि जे फ्रीडमन यांनी २००७ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात तिच्यावर कठोर टीका केली. पुढचे दात वेडेवाकडे होतात म्हणून अक्कलदाढा काढाव्यात, हे त्या प्रथेचे एक आवडते कारण होते. त्याला संशोधनाचा आधार फारच दुबळा आहे. खालचे पुढचे दात वाढत्या वयाबरोबर थोडेफार गर्दी करतातच, मग मागे अक्कलदाढ असो वा नसो.

इंग्लंडच्या नियमाचे पुढे काय झाले, हे भिवापूरच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. तेथे आरंभी दाढा काढण्याचे प्रमाण उतरले, पण दशकभरात ते पुन्हा चढले. फरक इतकाच, की पूर्वी जे रुग्ण सरासरीने पंचविशीत शस्त्रक्रियेला येत ते आता तिशी ओलांडून येऊ लागले, आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या बाबतीत पुढे झुकलेल्या अक्कलदाढेच्या सांदीत अन्न साचून तिच्या शेजारची चांगली दुसरी दाढ किडलेली आढळली. म्हणजे ‘थांबा’ हा सल्ला चुकीचा नव्हता, पण थांबण्याच्या काळात त्या सांदीकडे कोणीतरी पाहत राहावे लागते. ज्या देशात प्रत्येक कुटुंबाने नेमका दंतवैद्य धरून ठेवावा अशी व्यवस्था गृहीत धरलेली आहे, तेथेही हे पाहत राहणे पुरेसे जमले नाही. जेथे दाढ ठणकल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढण्याचा रिवाजच नाही, तेथे तोच नियम जसाच्या तसा लावला तर थांबण्याचा अर्थ विसरणे असा होतो.

भिवापूर परिसरातील रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत त्या दाढेचा इतिहास बराच पुढे गेलेला असतो. अर्धवट वर आलेल्या खालच्या अक्कलदाढेवर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, आणि वरची दाढ त्याच सुजलेल्या झडपेवर चावत राहिल्याने वेदना वाढते. या विकाराला पेरिकोरोनायटिस म्हणतात. तो चार-पाच दिवसांत ओसरतो, विशेषतः मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक आणि जंतुनाशक गोळ्यांचा अर्धामुर्धा डोस पोटात गेला की लवकरच ओसरतो, आणि वेदनेबरोबर निर्णयही ओसरून जातो. ‘डॉक्टर, सध्या गोळी लिहून द्या, दाढेचं मंग पाहू,’ हे वाक्य त्यामुळे प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. इंग्लंडच्या नियमात सुजेची पहिली आणि दुसरी वेळ यांत भेद केला आहे, पण येथे ती मोजणी कोणाच्याही नोंदीत नसते. ‘याआधी असा त्रास झाला होता का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. सोयाबीन निघाले तेव्हा, पोळ्याच्या सुमारास किंवा घरच्या लग्नात तोंड उघडायला त्रास झाला होता का, असे विचारले की मात्र दोन-तीन वेळा आठवतात. रुग्णाची स्मृती तारखांनी चालत नाही, हंगामांनी चालते, आणि हे कळल्यानंतर इतिहास घेण्याची दंतवैद्याची पद्धतच बदलते.

या गोळ्यांवरच्या उपचारात एक धोका दडलेला आहे. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूस, जिभेखालच्या पडद्यासारख्या स्नायूच्या जोडरेषेच्याही खाली उतरलेली असतात, त्यामुळे तेथील पू तोंडात न फुटता थेट गळ्याच्या वरच्या भागात पसरू शकतो. दोन्ही बाजूंना हनुवटीखाली लाकडासारखी घट्ट सूज येणे, जीभ वर उचलली जाणे आणि श्वास अडकू लागणे, या अवस्थेचे वर्णन विल्हेल्म फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती विरळ आहे, परंतु तिच्यात तासांचा हिशेब असतो, आणि नागपूर भिवापूरपासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटरवर आहे. म्हणून गिळायला त्रास, ताप आणि हनुवटीखालची सूज ही तीन लक्षणे रुग्णाच्या घरच्यांना तोंडी पाठ करून घ्यायला लावणे हा दाढ राखण्याच्या सल्ल्याचाच भाग मानावा लागतो. सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक देण्याची सवयही त्याच वेळी मोडावी लागते, कारण कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या जो आराम देतात तो आतून देतात, बाहेरचा शेक मात्र पुवाला त्वचेकडे वाट करून देऊ शकतो.

नागपूरचे अंतर निर्णयात आणखी एका मार्गाने शिरते. अक्कलदाढेचा खरा अंदाज येण्यासाठी दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारे ओपीजी नावाचे क्ष-किरण चित्र लागते; लहान दवाखान्यात असणाऱ्या छोट्या यंत्राने तोंडात ठेवलेल्या पट्टीवर एखाद-दुसरी दाढ दिसते, पण सर्वांत मागच्या दाढेची मुळे त्या पट्टीच्या कडेला तुटून जातात आणि ज्यांना उलटी येते त्यांच्या तोंडात ती पट्टी इतकी मागे ठेवताच येत नाही. ओपीजीचे यंत्र लहान गावच्या दवाखान्याला परवडणारे नसल्याने रुग्णाला बहुधा शहराकडे पाठवावे लागते. नागपूर–नागभीड ही उमरेड आणि भिवापूरवरून जाणारी अरुंद मार्गाची रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाल्यावर ही फेरी एसटी, खासगी गाडी किंवा दुचाकीवर आली. ज्या रुग्णाला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायचे असते, त्याचा पूर्ण दिवस जातो. १९६८ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय विदर्भातल्या गरीब रुग्णांचा मोठा आधार आहे आणि त्यामुळेच तेथे गर्दी असते. एक फेरी चित्रासाठी, एक शस्त्रक्रियेसाठी आणि एक टाके काढण्यासाठी, असा हिशेब मांडला की रोजमजुरीवर जगणाऱ्या माणसाला दाढेपेक्षा फेऱ्याच जड वाटतात. शस्त्रक्रियेनंतरचे टाके साधारण सातव्या दिवशी काढले जातात. ते भिवापुरात काढून देण्याची तयारी दाखवली, एवढ्यानेही काही रुग्णांचा नकार होकारात बदलतो, आणि हा अनुभव कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वात नोंदलेला नाही.

मजुरीचा विचार भिवापुरात मिरचीशी जोडलेला आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीचे क्षेत्र रोगांमुळे आणि संकरित वाणांमुळे आक्रसले असले, तरी मिरचीचा व्यापार आणि मिरची साफ करण्याचे सातरे यांवर या पट्ट्यातील अनेक बायकांचे हिवाळ्या-उन्हाळ्यातील उत्पन्न अवलंबून असते. सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडून जितके किलो माल साफ होईल तितकी मजुरी मिळते, म्हणून आजारपणाचा दिवस हा बुडीत दिवस असतो. खालची अडकलेली दाढ काढल्यावर सूज पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक असते, आणि मिरचीच्या खकाण्यात बसून शिंका-खोकल्याचे झटके सोसणे ताज्या जखमेला मानवत नाही. त्यामुळे ज्या बाईची दाढ वर्षातून दोन-तीनदा सुजते पण आज शांत आहे, तिला हंगाम संपल्यावरची वेळ देणे शास्त्राला धरूनच असते, कारण सूज पूर्ण उतरलेली असताना केलेली शस्त्रक्रियाच सुकर होते. जिला लवकरच मूल हवे आहे तिच्या बाबतीत मात्र हंगामापेक्षा गर्भधारणेचा विचार आधी करावा लागतो. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, औषधांची निवड मर्यादित होते आणि मधल्या तीन महिन्यांखेरीज दंतशस्त्रक्रिया टाळण्याकडे कल असतो, म्हणून वारंवार त्रास देणारी दाढ त्याआधी काढून टाकणे शहाणपणाचे ठरते. मूल केव्हा हवे, हा प्रश्न सासूच्या समोर विचारला तर उत्तर मिळत नाही, हे सांगायला नको.

परंतु या प्रदेशात अक्कलदाढेचा निर्णय ज्याने सर्वाधिक बदलून टाकला आहे तो खर्रा. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटून केलेले हे मिश्रण पूर्व विदर्भात पानटपरीवर तयार करून मिळते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण हाताने घोटलेल्या खर्ऱ्याची सवय तिने मोडली नाही. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतूंचे कठीण पट्टे तयार होतात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील भारतीय स्त्रियांत तो वर्णिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी त्याला सध्याचे नाव दिले. निरोगी प्रौढाचे तोंड वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये सुमारे ३५ ते ४५ मिलिमीटर, म्हणजे उभी तीन बोटे मावतील इतके, उघडते. खर्रा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांत हे अंतर पंचवीस मिलिमीटरच्या आसपास आलेले दिसणे ही दवाखान्यातली अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही, आणि त्यांतल्या अनेकांना ते स्वतःला जाणवलेलेही नसते, कारण घास त्यांनी नकळत लहान केलेला असतो.

येथे मिरचीचा पुन्हा संबंध येतो. या विकाराचे पहिले लक्षण तोंड न उघडणे हे नसून तिखट न सोसणे हे असते. ज्या घरात भिवापुरी मिरचीचा ठेचा रोजचा, त्या घरातला तरुण वरणावर आला की घरच्यांच्या ते लक्षात येते, आणि दंतवैद्याला दाढेच्या तक्रारीमागून हा धागा पकडता येतो. एके काळी संशोधकांचा संशय मिरचीवरच होता: वसंत रामजी खानोलकर आणि सिरसाट यांनी मुंबईत केलेल्या आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य लावून तसे बदल दिसतात का, हे तपासले होते. पुढील संशोधनाने दोष सुपारीवर निश्चित केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये सुपारीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. मिरची निर्दोष सुटली ती अशी. तिने आता केवळ साक्षीदाराचे काम करावे हे भिवापूरच्या पिकाला शोभणारेच आहे.

अक्कलदाढेच्या दृष्टीने फायब्रोसिसचा अर्थ असा, की आज दवाखान्यातल्या खुर्चीवर भूल देऊन निघू शकणारी दाढ काही वर्षांनी तेथे निघणारच नाही. खालचा जबडा बधिर करण्याची नेहमीची सुई तोंड मोठे उघडले तरच योग्य जागी पोहोचते. बंद तोंडातून भूल देण्याची वझिरानी-अकिनोसी पद्धत उपलब्ध आहे, आणि वेदनेमुळे जबडा आखडलेल्या रुग्णांत ती फार उपयोगी पडते. पण भूल मिळाली तरी हाड कोरणारे यंत्र मागच्या कोपऱ्यात सरळ धरायला जागा नसते, आणि २० मिलिमीटरच्या खाली उघडणाऱ्या तोंडात दाढेचे तुकडे करणे हे अंधारात काम करण्यासारखे होते. मग रुग्णालयात पूर्ण बेशुद्धी द्यावी लागते, आणि तोंड उघडत नसल्याने श्वासनलिकेतली नळीसुद्धा नाकातून, दुर्बिणीच्या साहाय्याने, रुग्ण जागा असताना घालावी लागते. हा सगळा व्याप एका दाढेसाठी. म्हणून खर्रा न सोडणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची अर्धवट वर आलेली, पुढे झुकलेली खालची अक्कलदाढ, जिच्या बाबतीत इंग्लंडचा नियम पहिल्या सुजेनंतर थांबायला सांगेल, ती तोंड उघडते आहे तोवर काढणे हाच पक्ष या भागात अधिक समर्थनीय ठरतो. फायब्रोसिस पुढे वाढला तर त्याच्या शस्त्रक्रियेत गालातले पट्टे कापून तेथे नवीन अस्तर बसवताना शल्यचिकित्सक अक्कलदाढा बहुधा काढूनच टाकतात, कारण त्या त्या अस्तराला घासतात. म्हणजे त्या दाढेचा मुक्काम तसाही मर्यादितच असतो.

या निर्णयाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवता येत नाही. तंबाखू आणि सुपारी जखम भरू देत नाहीत. दाढ काढल्यावर पोकळीत रक्ताची जी गुठळी तयार होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघून गेली तर हाड उघडे पडते आणि कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, याला ड्राय सॉकेट म्हणतात. तंबाखूने त्याचा धोका वाढतो. शिवाय तंबाखू खाणाऱ्याची मागची दाढ हलत असेल तर ती लगेच उपटून देण्याचा मोह आवरावा लागतो, कारण हिरडीच्या रोगाप्रमाणेच जबड्यात पसरलेला कर्करोगही दाढ हलवतो, आणि अशा ठिकाणी दाढ काढल्यावर न भरणारी पोकळी हाच कधी कधी त्या रोगाचा पहिला उघड पुरावा ठरतो. चित्र घेतल्याशिवाय हलणारी दाढ काढायची नाही, आणि गालावरचे जे व्रण टोकदार अक्कलदाढ गुळगुळीत केल्यानंतरही दोन आठवड्यांत भरत नाहीत त्यांचा तुकडा तपासणीला पाठवायचा, हे दोन नियम या भागात अक्कलदाढेच्या कोणत्याही वर्गीकरणापेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत.

सैन्यभरतीची तयारी करणारी मुले हा आणखी एक वेगळा वर्ग. मैदानावर धावणाऱ्या या मुलांत असा समज पसरलेला असतो, की एखादी दाढ काढली तर वैद्यकीय तपासणीत बाद ठरवतात, आणि त्यापायी ती सुजलेली दाढ घेऊन महिनोन्महिने काढतात. सैन्याच्या निकषात प्रत्येक दाताला गुण असतात: पुढच्या दातांना व उपदाढांना एकेक, पहिल्या आणि दुसऱ्या दाढेला दोन-दोन, पूर्ण वाढलेल्या अक्कलदाढेला दोन आणि अपुऱ्या वाढलेल्या अक्कलदाढेला एक. समोरासमोर नीट बसणाऱ्या दातांच्या या हिशेबाने पूर्ण तोंडाचे २२ किंवा २० गुण होतात, आणि भरतीला किमान १४ लागतात. हाडात आडवी पडलेली दाढ समोरच्या दाढेशी जुळतच नसल्याने तिचा या बेरजेत उपयोग नसतो. कागदावर ही बेरीज मांडून दाखवली की मुलाचा चेहरा सैल होतो. ज्या प्रश्नावर तासभर वैद्यकीय समजावणी व्यर्थ गेलेली असते, तो पाच मिनिटांच्या अंकगणिताने सुटतो. मात्र चाचणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया करू नये, सूज उतरून तोंड पुन्हा पूर्ण उघडेपर्यंतचा काळ हाताशी ठेवावा, हे त्याच कागदावर लिहून द्यावे लागते.

भीती चुकीच्या जागी बसलेली असणे हा या कामातला नित्याचा अनुभव आहे. वरची दाढ काढली तर डोळ्याची नस दुखावते आणि नजर कमी होते, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की तिच्यापायी वरच्या पूर्ण किडलेल्या दाढाही वर्षानुवर्षे तोंडात राहतात. वस्तुतः दृष्टीची चेता मेंदूतून स्वतंत्र निघते, आणि वरच्या दाढांना संवेदना देणारी चेता ही चेहऱ्याच्या त्रिशाखी चेतेची मधली शाखा असते. दोघींचा संबंध नाही, आणि वरची अक्कलदाढ खालच्या मानाने बहुधा सहज निघते. खरी जपण्याची चेता खालच्या जबड्यात आहे. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी चेता ज्या नळीतून जाते, ती नळी अक्कलदाढेच्या मुळांना लागून किंवा त्यांच्या मधून जाऊ शकते, आणि जिभेची चेता आतल्या बाजूने हाडाला चिकटून जाते. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये चित्रावरून हा धोका ओळखण्याच्या खुणा दाखवून दिल्या: मुळावर गडद पट्टा येणे, नळीची पांढरी कड तुटणे, नळी वाकणे. कायमचा बधिरपणा येण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असले, तरी ज्याला तो येतो त्याला पाणी ओठावरून ओघळलेले कळत नाही, आणि हे आधी सांगितलेले नसेल तर तो दोष दंतवैद्याचाच असतो. अशा दाढेत काही वेळा केवळ डोके कापून मुळे तशीच ठेवण्याचा मार्ग असतो, पण त्यासाठी त्रिमितीय चित्र आणि अनुभवी शल्यचिकित्सक लागतो. म्हणून नळीला लागलेली दाढ भिवापुरात उघडायची नाही, ती पुढे पाठवायची. पाठवणे म्हणजे आपली मर्यादा मान्य करणे असे समजून काही तरुण दंतवैद्य ते टाळतात, हे दुर्दैव आहे.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचारही टाळता येत नाही. शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले तेव्हापासून नागपूर परिसर या विकाराच्या नकाशावर आहे. यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि संसर्ग, निर्जलीकरण किंवा थंडी यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. दाढेखाली वारंवार पू होणे हे त्या झटक्याला निमंत्रण असते, तर पूर्वतयारीविना केलेली शस्त्रक्रियाही तितकीच घातक ठरू शकते. म्हणून वारंवार रक्त कमी होण्याचा, सांधे दुखण्याचा किंवा घरात कोणाला सिकलसेलचे कार्ड असल्याचा उल्लेख आला की आधी रक्ततपासणी, मग फिजिशियनचा सल्ला आणि मग दाढ, हा क्रम बदलत नाही. येथे थांबणे आणि घाई या दोहोंची किंमत मोठी असल्याने निर्णय दंतवैद्याने एकट्याने घेऊच नये.

उरतात त्या दाढा, ज्या पूर्ण हाडात गाडलेल्या आहेत, शेजारच्या दाढेला टेकलेल्या नाहीत, ज्यांच्याभोवतीची पिशवी चित्रात रुंदावलेली नाही आणि ज्यांनी कधी त्रास दिलेला नाही. चाळिशीच्या पुढे अशा दाढेला हात लावण्यात फायद्यापेक्षा तोटाच अधिक, कारण वयाबरोबर हाड घट्ट होते आणि चेतेच्या दुखापतीचा धोका वाढतो. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या चित्रात ती दिसली म्हणून घाबरून आलेल्या रुग्णाला ती राहू द्या असे सांगणे हे या कामातले सर्वांत सोपे काम असते. अवघड असतात त्या विशीतल्या, आज शांत असलेल्या, अर्धवट वर आलेल्या दाढा. त्यांना राखायचे ठरले तर कार्डावर पुढची वेळ महिन्याने न लिहिता हंगामाने लिहिलेली बरी पडते, म्हणजे रुग्ण ती विसरत नाही. त्या वेळी तीन गोष्टी पाहायच्या: दुसऱ्या दाढेची मागची कड किडते आहे का, झडपेखालून दाबल्यावर पू येतो का, आणि तोंड किती मिलिमीटर उघडते. तिसरा आकडा प्रत्येक वेळी आधीच्या आकड्याशेजारी लिहायचा. खर्रा खाणाऱ्या मुलाच्या कार्डावर तो ३४ वरून ३० वर आलेला दिसला, तर दाढ दुखत नसली तरी आणि चित्रात काही बदललेले नसले तरी राखण्याचा निर्णय तेथेच रद्द करून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवायचा, आणि मुलाने नाही म्हटले तर ते दोन्ही आकडे त्याच्या घरच्यांना दाखवायचे.